धुऱ्यावरच्या झाडाची साल जपा

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगाव परिसरात धुऱ्यावरची बाभूळ आणि कडुनिंब ही सगळ्यांच्या ओळखीची झाडं. आज बोलू या त्यांच्या सालीविषयी.

बाभळीची साल जवळून पाहा. बाहेरून काळपट, उभ्या भेगांची, खरखरीत. हा थर मृत पेशींचा असतो. ऊन, वारा आणि किडीपासून तो झाडाला वाचवतो. त्याच्या आत मऊ, ओलसर, जिवंत थर असतो. पानांत तयार झालेलं अन्न याच थरातून मुळांपर्यंत पोचतं. म्हणूनच खोडाभोवती सालीचं पूर्ण कडं निघालं, तर मुळांची उपासमार होते आणि झाड हळूहळू वाळतं.

सालीनं माणसाला भरभरून दिलंय. बाभळीच्या सालीत टॅनिन असतं. पिढ्यान् पिढ्या त्यानं चामडं कमावलं गेलं. मसाल्यातली दालचिनी ही सालच. हिवतापावरचं क्विनीन १८२० साली फ्रान्समध्ये सिंकोना झाडाच्या सालीतून वेगळं करण्यात आलं.

शेतकरी बंधू-भगिनींनो, उन्हाळ्यात धुरा पेटवू नका. त्या आगीत बुंध्याची साल करपते, कोवळी झाडं तर जागीच मरतात. खोडाला तार आवळू नका, खिळे ठोकू नका. औषधासाठी साल हवीच असेल, तर वैद्यांचा सल्ला घ्या आणि छाटलेल्या फांदीची काढा, खोडाची नको. साल शाबूत राहिली, तर धुऱ्यावरची सावली पुढच्या पिढीलाही मिळेल.