घरची धार घरीच लावा

(विहाराच्या वर्धापनदिनी वारजे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही मंडळी हसली. एका ताईंनी तर विचारलंच, "दादा, विहारात आपण पंचशील घेतो आणि तुम्ही सुरीला धार लावायला शिकवणार?" प्रश्न रास्त आहे. आधी त्याचंच उत्तर देतो.

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर, भिक्षापात्र, सुई यांच्या जोडीला वस्तरा आहे. मुंडन करायचं तर तो लागणारच. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भगवंतांनी वस्तऱ्याला परवानगी दिली आणि त्याच वाक्यात वस्तऱ्याला धार लावायच्या दगडालाही दिली. पालीत त्या दगडाला 'खुरसिला' म्हणतात. खुर म्हणजे वस्तरा, सिला म्हणजे शिळा. म्हणजे धारेचा दगड संघाच्या नियमांत बसलेला आहे. आणि हा विनय राजगृहाच्या पहिल्या संगीतीत कोणी सांगितला? उपालीने, म्हणजे शाक्यांच्या नाभिकाने. आपला गर्व मोडावा म्हणून शाक्य राजपुत्रांनी त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपालीची दीक्षा मुद्दाम घातली आहे. ज्यांच्या घरी ग्रंथ आहे त्यांनी आजच काढून वाचावी.

पण त्याच भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. हे आपल्या पुण्यात सांगायची वेळ आली आहे. २०२२-२३ साली 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला होता. कोयता हे ऊसतोड कामगाराचं, नारळवाल्याचं पोटाचं साधन. ते पोरांच्या हातात मिरवायला आलं. माझ्याकडे कोणी कोयता घेऊन आला की मी एकच विचारतो, कशाला? काम सांगितलं तर दगड काढतो. काम सांगता आलं नाही तर चहा पाजतो, धार लावत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत कोणी उघड बोलत नाही. आपल्या वाडवडिलांच्या हातातली सुरी मेल्या जनावरावर चालायची. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा निर्धार झाला आणि ती सुरी सुटली. त्यामुळे जुन्या माणसांना धार लावणं हे कमीपणाचं काम वाटतं, हे मी समजू शकतो. पण आता आपल्या हातातली सुरी भाकरीची आहे. कोथरूड-कर्वेनगरला स्वयंपाकाला जाणाऱ्या भगिनी इथे बसल्या आहेत. भाजी विकणाऱ्या आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत. बोथट सुरी जास्त कापते, हे त्यांना विचारा. धार नसली की जोर लावावा लागतो, टोमॅटोवरून पातं निसटतं आणि बोटावर येतं. हातावर पोट असणाऱ्याचं बोट कापलं तर आठवडा बुडतो.

आता दगडाकडे येतो. नेहमीचा काळा-करडा दगड कारबोरंडमचा. तो भरभर लोखंड खातो, पण त्याची धार खरखरीत राहते, आणि वर्षानुवर्षं घासून तो मधे खोलगट होतो. सिरॅमिकचा दगड वेगळा. तो अ‍ॅल्युमिनाचा असतो, म्हणजे माणिक ज्या द्रव्याचा तेच द्रव्य, भट्टीत भाजून घट्ट केलेलं. आमच्या गिरणीत धाग्याच्या वाटेवर सिरॅमिकचे गाइड असतात. का, तर धागा पोलादालासुद्धा चरे पाडतो, सिरॅमिकला सहसा पाडत नाही. त्याच कारणाने हा दगड झिजून खोलगट होत नाही. त्याला तेल लागत नाही, पाणीही लागत नाही. मात्र तो काचेसारखा फुटतो, पडू देऊ नका. आणि अगदी बोथट पातं घेऊन त्यावर बसलात तर संध्याकाळ होईल. आधी काळा दगड, शेवटचा हात सिरॅमिकचा.

कोन फार महत्त्वाचा. कागदाचा काटकोनी कोपरा घ्या, एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. स्वयंपाकाच्या सुरीला साधारण एवढाच किंवा थोडा कमी कोन पुरतो. दगडाखाली ओलं फडकं टाका म्हणजे तो सरकणार नाही. धारेच्या कडेला मार्करची शाई लावा. दोन-चार हात मारून बघा, शाई कुठली गेली ते. वरचीच गेली तर सुरी फार आडवी धरली आहे, फक्त टोकाची गेली तर फार उभी. एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला कुसासारखी बारीक कड वळून येते. आमचे फिटर तिला बर म्हणतात. ती पूर्ण लांबीला लागली की मगच बाजू बदला. बहुतेक माणसं इथेच घाई करतात. शेवटी सिरॅमिकवर अगदी हलक्या हाताने, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, बर निघेपर्यंत. जोर लावला की बर पुन्हा उभी राहते. तपासायचं कागद कापून, अंगठ्याने नाही.

दगड काळपट झाला म्हणजे त्यात लोखंड भरलं. भांड्याची पावडर आणि घासणी घेऊन पाण्याखाली घासा, पुन्हा पांढरा होतो.

दगड विकत घ्यायची ऐपत नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा. बुडाची जी खरखरीत, बिनचकाकीची कड असते, तीही सिरॅमिकच. सुरीला शेवटचा हात द्यायला ती चालते. विळीचं पातं पाटाला पक्कं असतं, म्हणून तिथे कप पात्यावर फिरवायचा. पाट पायाखाली घट्ट दाबा आणि बोटं धारेच्या रेषेपुढे येऊ देऊ नका.

सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याचं पोट मारा असं मी म्हणत नाही. तुटलेलं, दातरं पडलेलं पातं त्याच्याकडेच द्यावं. पण दर वेळी चाकाला लावलं तर ठिणग्यांबरोबर पातं जातं, आणि तापून निळं पडलं की त्या जागी धार टिकत नाही.

मागच्या खोलीत दोन दगड, चार कप आणि जुनी वर्तमानपत्रं मांडून ठेवली आहेत. ज्यांनी विळ्या, सुऱ्या फडक्यात गुंडाळून आणल्या असतील त्यांनी खीरदान झाल्यावर थांबावं. लहान मुलांना बाहेर खेळू द्या. पहिला नंबर त्या प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा.

जयभीम.