नावाआधीचा ‘कै.’



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘मृत्यू, शोक आणि संस्कृती’ असा भारदस्त छापला आहे. प्रत्यक्षात मला बोलायचे आहे ते एका अक्षराबद्दल. गेलेल्या माणसाच्या नावाआधी आपण सवयीने जो ‘कै.’ लावतो, त्याबद्दल.

मी बेळगावचा. शाळेत मराठी शिकवली, आणि मराठीचा मास्तर म्हटला की स्मरणिका त्याच्याच गळ्यात पडते. एका वर्षी दिवंगत सहकाऱ्यांची यादी छापली आणि सगळ्यांना सरसकट ‘कै.’ लावला. मुद्रिते मीच तपासली होती. काना-मात्रेची एक चूक नव्हती. चार दिवसांनी त्यांतल्या एका शिक्षकांची मुलगी घरी आली. स्मरणिका उघडून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “काका, बाबा कैलासाला गेले असं छापलंय तुम्ही.”

तिचे वडील बौद्ध होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. पुढे श्राद्ध आणि पिंडदान न करण्याचीही आहे. हे मी वर्गात शिकवलेले होते. तरीही ज्या माणसाने महेशाला आयुष्यभर नाकारले, त्याला मी मेल्यावर महेशाच्या घरी नेऊन बसवले. तेही आदराने! तिच्या घरी पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर ‘कालकथित’ असा शब्द होता. पालीतल्या ‘कालकत’ या शब्दाशी नाते सांगणारा. ‘कालकत’ म्हणजे ज्याने आपला काळ पुरा केला तो. तो कुठे गेला, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. ती पत्रिका मला आली होती. मी वाचली होती, पण पाहिली नव्हती.

तेव्हापासून निधनवार्ता वाचायचा मला नादच लागला. आमच्या बेळगाव-कोल्हापूर भागात निधनवार्तेचे शेवटचे वाक्य फार बोलके असते. ‘रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी’ असे असले की घर कळते. ‘जियारत’ असली की तेही कळते. नावाआधीचे शब्द मात्र जास्त गुंतागुंतीचे. वारकरी घरात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. लिंगायत घरात ‘लिंगैक्य’. या शेवटच्या शब्दापाशी मी बराच काळ थांबलो. कैलासवासी काय, वैकुंठवासी काय, दोन्हींत माणूस कुठेतरी राहायला गेलेला असतो. त्याचा पत्ता बदललेला असतो, इतकेच. ‘ऐक्य’ म्हटले की पत्ताच उरत नाही, कारण वेगळा राहणारा कोणी उरत नाही. लिंगायतांत देहाला बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून समाधी देतात. मरणाचे सुतक तत्त्वतः मानत नाहीत. पंचसूतके नाकारणे ही बसवण्णांच्या परंपरेची शिकवणच आहे. आणि आपण सांत्वनाला जाऊन विचारतो, “अग्नी कोणी दिला?” मी विचारलेले आहे.

‘पैगंबरवासी’ हा शब्दही याच ‘वासी’च्या साच्यातून निघालेला. अनेक मराठी मुसलमान घरांनी तो आपला म्हणून वापरला आहे, तेव्हा त्याला चूक म्हणणारा मी कोण? पण त्यांचा जुना शब्द ‘मरहूम’ आहे. ज्याच्यावर दया झाली, तो. या शब्दात माणसाचे ठिकाण नाही. त्याच्यावर झालेली कृपा आहे. जैनांत तर मरणाच्या रीतीलाच नाव आहे. चिकोडी भागातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन देह ठेवला. जैन त्याला समाधिमरण म्हणतात. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना बेकायदा ठरवली, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. शब्दाचा वाद न्यायालयापर्यंत कसा जातो, ते पाहा. एका बाजूला आत्महत्या, दुसऱ्या बाजूला व्रत, देह तोच.

या सगळ्या शब्दांना पुरून उरलेला एक शब्द आमच्या खेड्यांत आहे. ‘मातीला जाऊन आलो’, असे लोक म्हणतात. प्रेत जाळलेले असो वा पुरलेले, ती मातीच. शहरात आल्यावर हा शब्द आपल्याला गावंढळ वाटू लागला आणि आपण ‘अंत्यविधी’ म्हणायला शिकलो. माझ्या मते तो सौदा तोट्याचा झाला.

त्या स्मरणिकेच्या शिल्लक प्रती मी घरी आणल्या आणि प्रत्येक प्रतीतल्या त्या नावाआधीचा ‘कै.’ काळ्या शाईने खोडला. वाटून झालेल्या प्रती तशाच राहिल्या. त्या आजही कुणाकुणाच्या कपाटात असतील. यादीतल्या बाकीच्या घरी मग मी स्वतः जाऊन विचारले. दोघांनी ‘कै.’च ठेवा म्हणून सांगितले. एका बाईंनी सांगितले, काही लावू नका, नुसते ‘सर’ लिहा. घरीसुद्धा आम्ही त्यांना सरच म्हणत होतो.

काही वर्षांनी त्या मुलीची आई गेली. रात्री तिचा फोन आला. निधनवार्ता मीच लिहावी, असे तिचे म्हणणे होते. मी कागद घेतला, ती सांगत गेली. शेवटी मी सगळे वाचून दाखवले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “काका, ‘कालकथित’मधला ‘थि’ ऱ्हस्व घातलाय ना? पेपरवाले दीर्घ करतात.”