घरची जुनी मूर्ती : घासावी की राखावी?

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



ज्युबिली जवळ आली की घरोघरी साफसफाई सुरू होते, आणि आजा-पणज्यापासून चालत आलेली पितळी क्रूसमूर्ती किंवा पवित्र मरियेची काशाची मूर्ती चिंच, मीठ व राख घेऊन घासली जाते. हेतू भक्तीचाच असतो. परंतु होणारी हानी भरून येत नाही.

पितळेत तांबे व जस्त, काशात तांबे व कथील असते. काळाने त्यांवर चढलेला काळसर थर हा मळ नव्हे. तो खालील धातूचे रक्षण करितो. चिंचेचे आम्ल तो थर खाते, सांदीत उरलेले मीठ पावसाळ्याच्या ओलाव्याने धातू पोखरिते, आणि राख मुखावरील बारीक रेषा झिजविते. मुलामा असल्यास तोही जातो.

कोणी म्हणतील, ‘प्रभूची वस्तू लखलखीत नको काय?’ नित्याच्या समया खुशाल उजळाव्या. परंतु सन ७८७ च्या नायसिया येथील धर्मपरिषदेने शिकविले आहे की, मूर्तीला दिलेला मान मूळ व्यक्तीस पोचतो. तो मान चकाकीवर अवलंबून नाही.

नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा पाहा. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर ती तेथे आली. तिच्यावरील पोर्तुगीज अक्षरेच तिचे मूळ सांगतात. ती कोणी घासून टाकिली असती तर तिची साक्षही बुडाली असती.

मग करावे काय? मूर्ती उजेडात नीट न्याहाळावी. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. मेणबत्तीचे ओघळ लाकडी काडीने हलकेच काढावे. चाकू लावू नये. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो धातूचा रोग होय; मूर्ती कोरड्या जागी ठेवून जाणकारास दाखवावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे तज्ज्ञ आहेत.

मंदिरातील मूर्तींविषयी तर सन १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ११८९ वे कलम स्पष्ट आहे : प्राचीनता, कला किंवा भक्ती यांमुळे मोलाच्या ठरलेल्या मूर्तीची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून करू नये, आणि त्यांनीही आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. घरच्या मूर्तीस हा नियम बंधनकारक नाही. त्यातील शहाणपण मात्र आपलेसे करावे.

ज्या क्रूसमूर्तीचे चरण तीन पिढ्यांच्या चुंबनांनी गुळगुळीत झाले, तिच्यावर त्या पिढ्यांची श्रद्धा उमटलेली आहे. ती ठेव जशीच्या तशी मुलांच्या हाती देणे, हेच आपले कर्तव्य. प्रभू आपणांस ती सुबुद्धी देवो.