मुलगी बी.एस्सी. झाली, पुढे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. ही विज्ञानावर काय बोलणार, असे कुणाच्या मनात येईल. पण मुलीने पुढे शिकावे की नाही, हे घरात ठरते, आणि त्यात आईचा शब्द असतो. म्हणून आईला माहिती हवी. माझी धाकटी बी.एस्सी.ला आहे. तिला व तिच्या बाईंना विचारून जे कळले, ते सांगते.

आपल्याकडे जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकी, एवढेच आपण धरून चालतो. नीट परीक्षेत गुण कमी पडले की मुलगी बी.एस्सी.ला जाते, आणि पदवी हाती येण्याआधीच स्थळे पाहावयास लागतात. पण सजीवांचा अभ्यास डॉक्टरकीहून फार मोठा आहे, आणि तो आता एकाच विषयाच्या कुंपणात राहिलेला नाही.

आपल्या कापसाचेच घ्या. शेंदरी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. मादी पतंगाच्या गंधासारखा गंध रसायनशास्त्राने तयार केला. पतंग केव्हा निघतो, अंडी कोठे घालतो, हे कीटकशास्त्राने सांगितले. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, हा अंदाज मोजणी व हिशेबाने बसला. एका अळीसाठी इतकी शास्त्रे एकत्र आली, तेव्हा शेतकऱ्याला उपाय मिळाला.

म्हणूनच रसायन, भौतिक किंवा गणित घेतलेल्या मुलींनाही जीवशास्त्राच्या संशोधनाचे दार उघडे आहे. पुण्यास 2006 साली आयसर ही संस्था निघाली. तेथे बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. व पीएच.डी. जोडून करता येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी सोय आहे. तिच्याच बंगळूरच्या जीवशास्त्र केंद्रात निरनिराळ्या विज्ञानशाखांची मुले घेतात. बारावीनंतरच जावयाचे असेल, तर आयसरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते.

आता खर्चाचे. एम.एस्सी. करून नेट परीक्षेतून संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये व पुढे 42,000 रुपये मिळतात; घरभाडे भत्ता निराळा. म्हणजे मुलगी घरावर भार होत नाही. मात्र जागा थोड्या, परीक्षा कठीण, आणि पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. हेही आधीच जाणून असावे.

या वाटेने आपल्या मराठी बाई फार पूर्वी गेल्या आहेत. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, 1933 साली मुंबईहून रसायन व भौतिक घेऊन बी.एस्सी. झाल्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी, बाई म्हणून, त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना घेतले. 1939 साली केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींवरील कामासाठी पीएच.डी. मिळविली. परत येऊन डाळी, नीरा अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन केले. त्यांचे कामही रसायनाचे व सजीवांचे मिळूनच होते.

भगिनींनो, आपण काय करावे? मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली की तिच्या शिक्षकांना भेटावे. विज्ञान अकादमीची उन्हाळ्यातील दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज भरावयास लावावा. प्रयोगशाळेत दोन महिने काम केले की आपल्याला हे आवडते की नाही, हे तिचे तिलाच कळते. आणि स्थळ आले, तर निदान तिच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत थांबावे. चांगले स्थळ शिकलेल्या मुलीलाही मिळते. पण हुकलेले वर्ष पुन्हा मिळणे अवघड.

मंडळास माझी एक सूचना आहे. आपल्या फळ्यावर दरवर्षी या परीक्षांच्या तारखा लिहाव्या. हळदीकुंकवास येणाऱ्या प्रत्येक आईच्या नजरेस त्या पडतील. एवढे बोलून मी माझे भाषण संपविते.