नियमांचे चित्र आणि त्याचे दालन

संगणकाने रेखिलेल्या चित्रांची आरंभीची प्रदर्शने १९६५ साली श्टुटगार्ट आणि न्यूयॉर्क येथे भरली. अशा चित्रांचे दालन सजविणे म्हणजे केवळ भिंतीवर चौकटी टांगणे नव्हे. तेथे चित्राइतकाच त्यामागील नियमही प्रेक्षकास दिसावा लागतो.

मुंबईचे चित्रकार अकबर पदमसी यांचे उदाहरण घ्यावे. पुढे संगणकावर ‘कॉम्प्युग्राफिक्स’ निर्माण करणाऱ्या या कलावंताने १९७० च्या सुमारास ‘सिझिजी’ हा अकरा मिनिटांचा मूकपट केला. त्यातील बिंदू व रेषा गणिती क्रमाने उमलत जातात. मात्र त्यासाठी सुमारे एक हजार रेखाटने हातांनी काढलेली होती.

काशीच्या दूधविनायकासारख्या जुन्या महाराष्ट्रीय वस्तीतील गृहिणीला यात परके असे काही वाटू नये. ठिपक्यांची रांगोळीही आधी मोजावी लागते, मग रेखावी लागते. दालनाच्या आरंभी अशी एक रांगोळी घातली, तर नियमातून आकृती कशी जन्मते हे व्याख्यानावाचून कळेल. नंतर रेखाटने क्रमाने लावावीत आणि अखेरीस अंधाऱ्या खोलीत, संगीताची भर न घालता, चित्रपट दाखवावा.

पदमसींच्या दुसऱ्या चित्रपटाची एकमेव प्रत हरवली. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी त्यांच्यासह तो पुन्हा उभा केला, तो स्मृतीच्या आधाराने. रांगोळी पुसली तरी ठिपक्यांची गणती घराघरांत टिकते. म्हणून दालन सजविणाऱ्याने चित्राबरोबर त्याची कृतीही जपावी. तोच त्या कलेचा खरा ठेवा होय.