ओवी तबकडीवर जाण्याआधी

आमचा बचत गट अक्कलकोट तालुक्यातला. शेंगा चटणीच्या पाकिटावर काय काय छापायचं, ते आम्ही मागं एकदा सांगितलं होतं. आजचा विषय वेगळा वाटेल, पण ऐकून घ्या, तोही नाव छापण्याचाच आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींचा भाचा पुण्यात असतो. मुलं रॅप म्हणतात ना, भराभर बोलल्यासारखं गाणं, त्याच्या मागचं संगीत तो बनवतो. मागे कंपनी नाही की कोणी मोठा माणूस नाही. भाड्याची खोली, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एवढाच त्याचा कारखाना. तो मध्ये गावी आला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करू द्या. त्याखाली ठेका घालतो, मध्ये माझा मित्र रॅप म्हणेल." आणि हे गाणं तो काळ्या तबकडीवर काढणार. फक्त तीनशे तबकड्या. प्रत्येकीवर हातानं नंबर घालणार, एक ते तीनशे.

आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "तबकडी? लग्नात लाऊडस्पीकरवाला आणायचा तसली?"

तसलीच, पण लहान. सात इंचाची, दर बाजूला एकच गाणं, मिनिटाला ४५ फेरे. ही छोटी तबकडी १९४९ मध्ये अमेरिकेत निघाली. आता गाणी मोबाइलवर फुकट मिळत असताना पैसे देऊन हे कोण घेणार, असं आम्हालाही वाटलं. पण शौकीन लोक घेतात म्हणे, आणि थोड्याच निघाल्या म्हटल्यावर जास्तच घेतात. तीनशेच का, तेही आम्ही विचारलं. तर तबकडीसाठी आधी गाण्याची रेघ एका चकतीवर कोरतात, तिच्यावरून निकेल धातूचा साचा करतात, मग गरम प्लास्टिक त्या साच्यात दाबतात. एक काढा नाहीतर हजार काढा, साच्याचा खर्च तेवढाच. फार कमी काढल्या तर एकेक महाग पडते, फार काढल्या तर घरात पडून राहतात. म्हणून तो आधी मागणी आणि पैसे घेणार, मगच छापायला देणार. हे मात्र आम्हाला लगेच पटलं. एका यात्रेला आम्ही अंदाजानं चटणी कुटून ठेवली होती. निम्मी खवट होऊन गेली.

या रॅपवाल्यांना तबकडीचं एवढं वेड का, त्याचीही गोष्ट आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. तिनं आपल्या इमारतीत गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठेवला आणि थोडं तिकीट लावलं. तबकड्या वाजवायला भाऊ होता, क्लाइव्ह. पुढं तो डीजे कूल हर्क म्हणून नावाजला. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. मग तो दोन तबकड्यांवर तोच तुकडा लांबवत न्यायचा. हिप-हॉपचा जन्म त्या कार्यक्रमातला मानतात. नाव भावाचं झालं. पण जागा, तिकीट, हिशेब बहिणीचा होता, हे आम्ही आवर्जून सांगतो.

तर आम्ही भाच्याला विचारलं, "बाबा, आमचं नाव कुठं येणार?"

तो म्हणाला, "देतो की. 'गावाकडच्या बायका' असं छापतो."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण 'गावाकडच्या बायका' हे कुणाचं नाव नाही. आमचा एक जुना अनुभव आहे. एका कार्यक्रमात आम्ही ओव्या म्हटल्या, त्याचा व्हिडिओ पुष्कळ फिरला आणि खाली शब्द एकच होता, 'पारंपरिक'. ज्या अक्का गायल्या, त्यांच्या सुनेला तो व्हिडिओ परगावच्या बहिणीनं पाठवला, तेव्हा आम्हाला कळलं.

तबकड्यांच्या जगातही असं घडलंय. १९६९ मध्ये अमेरिकेत द विन्स्टन्स नावाच्या मंडळींची एक छोटी तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूच्या गाण्यात ढोल वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनचा जेमतेम सहा-सात सेकंदांचा ठेका आहे. पुढं तो ठेका लोकांनी उचलून हजारो गाण्यांत घातला. कोलमनला त्यातला एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो गरिबीत, डोक्यावर छप्पर नसताना गेला. त्या मंडळींचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून २४ हजार पौंड दिले. पण ती वर्गणी झाली, हक्काचे पैसे नव्हेत.

आणि आपल्याकडची गौहर जान बघा. १९०२ मध्ये कलकत्त्यात तिची गाणी तबकडीवर घेतली. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या माणसांना आवाज कुणाचा ते कळावं म्हणून गाणं संपताना ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. आज सव्वाशे वर्षं होत आली, तबकडी लावली की नाव ऐकू येतंच.

आता कायद्याचं बोलू. ओवी कुणा एकीची नाही, ती सगळ्यांची, हे खरं. पण ती म्हणणारा आवाज तुमचा असतो, आणि त्या आवाजावर तुमचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा वेगळा हक्क मानलेला आहे, तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात दोन मोठ्या गोष्टी आल्या. आपल्या गायनाला आपलं नाव लावा, असं गाणारी मागू शकते. आणि त्या गायनाचा कुणी धंदा केला तर मोबदलाही मागू शकते. नाव लावून काम करता येतं, हे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी दाखवलंय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या नावानिशी वाचायला, ऐकायला मिळतात.

मग गटाची बैठक लावली आणि भाच्यालाच मध्ये बसवलं. तीनशेचा आकडा आम्हाला आवडला, कारण तीनशे मोजता येतात. आमच्या रजिस्टरात बसतील असा तो आकडा आहे. म्हणून आधी तेच लिहून घेतलं. तीनशे म्हणजे तीनशेच, पुन्हा छापायच्या झाल्या तर पुन्हा विचारायचं. तो म्हणाला, खर्च वजा जाऊन उरेल त्यातला वाटा देतो. आमच्या कोषाध्यक्ष बाईंनी मान हलवली. खर्च कधी संपतो का? दर तबकडीमागं ठरलेली रक्कम द्यायची, ती विकली की जमा, असं ठरवलं. मोबाइलवर गाणं टाकायचं कलम वेगळं ठेवलं, कारण तिथं मोजणी आपल्या हातात नसते. तिथला हिशेब त्यानं दर सहा महिन्यांनी दाखवायचा. आणि तोच आवाज दुसऱ्या गाण्यात घालायचा तर परवानगी नव्यानं. दोन्हीकडच्या सह्या झाल्या, एक प्रत गटाच्या फाइलीत आहे. हे सगळं त्यानं खळखळ न करता मान्य केलं. उलट म्हणाला, "माझं संगीत कुणी असं उचललं तर मलाही हेच पाहिजे."

नावाची पाळी आली तेव्हा मुख्य गाणाऱ्या अक्का गप्प बसल्या. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं. आम्हाला वाटलं, नको म्हणतायत. त्या म्हणाल्या, "माझं लिहा. पण ही चाल माझ्या आईची. मी तिच्यासमोर जात्याला बसून शिकले. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, रेशन कार्डावरसुद्धा मी कधी बघितलं नाही." मग भाच्यानंच सुचवलं, मधल्या गोल कागदावर दोन ओळी बसतात. एका ओळीत अक्कांचं नाव आणि गाव. दुसरीत 'चाल' असं लिहून त्यांच्या आईचं पूर्ण नाव.

रेकॉर्डिंग दिवाळीनंतर, अक्कांच्या पडवीत. जात्याचा खुंटा ढिला झाला होता, तो बसवून घेतलाय. पाच तबकड्या गटाला मिळणार आहेत. त्या लावायचं यंत्र आमच्या गावात कुणाकडं नाही. तर एखाद्या श्रोतीच्या माळ्यावर जुना, ४५ फेऱ्यांच्या तबकड्या वाजवणारा रेकॉर्ड प्लेअर पडून असला, तर रेडिओ केंद्रावर निरोप द्या. सुई मोडलेली असली तरी चालेल, भाचा दुरुस्त करून देतो म्हणालाय. एक नंबरची तबकडी अक्कांची आहे, ती पहिल्यांदा त्यांच्यासमोर लावायची आहे.