इंजिन लहान की मोठं? आधी आपला हिशोब



आज घरच्या चारचाकीबद्दल बोलू. आपल्या भंडारा जिल्ह्यात आता डिकीवाली गाडी गावोगावी दिसते. तिच्या हप्त्यात आपले दुधाचे, शिलाईचे पैसे जातात. पण घेताना आपल्याला विचारतात काय, तर रंग कोणता! इंजिन केवढं घ्यायचं, हे पुरुष मंडळीच ठरवतात. म्हणून आम्ही ही माहिती आणली आहे.

आधी सीसी समजून घेऊ. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होताना जेवढी जागा व्यापतो, ती सगळ्या सिलिंडरांची मिळून जागा म्हणजे सीसी. हजार सीसी म्हणजे एक लिटर. इंजिन मोठं तर ताकद जास्त, आणि बहुतेक वेळा तेलाची भूकही जास्त.

एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळ चाकणला बनणारी स्कोडा स्लाव्हिया २०२२ साली बाजारात आली. गाडी एकच, पण पेट्रोल इंजिनं दोन. एक ९९९ सीसीचं, ताकद ११५ पीएस. दुसरं १४९८ सीसीचं, ताकद १५० पीएस. दोन्हींना टर्बो आहे. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा ढकलतो. त्यामुळे लहान इंजिन म्हणजे मरतुकडं, असं आता राहिलं नाही.

आता पैशाचं बघू. समजा मोठ्या इंजिनाची गाडी दोन लाखांनी महाग आहे आणि ते दोन लाख पाच वर्षांच्या कर्जाने, नऊ टक्क्यांनी घेतले. तर हप्ता महिन्याला साधारण ४,१५० रुपयांनी वाढतो. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणं झालं, लहान इंजिनाने लिटरला १८ आणि मोठ्याने १५ किलोमीटर दिले, तर वर्षाला १११ लिटर पेट्रोल जास्त लागेल. लिटर १०५ रुपये धरला तर साडेअकरा हजारांच्या वर जातं.

विम्यातही फरक आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत थर्ड पार्टी विमा १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, वर जीएसटी वेगळा. गाडी घेताना चालू दर विचारून घ्या.

जीएसटीचा नियमही नीट ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत, या दोन्ही अटी पाळणाऱ्या गाडीला १८ टक्के कर आहे. एक जरी अट मोडली तरी ४० टक्के. मारुतीची डिझायर ११९७ सीसीची आणि ३९९५ मिलिमीटर लांब, म्हणून ती १८ मध्ये बसते. स्लाव्हियाचं लहान इंजिन ९९९ सीसीचंच, पण गाडी साडेचार मीटरची, म्हणून ४० टक्के. म्हणजे नुसतं इंजिन लहान पाहून कर वाचत नाही.

मैत्रिणींनो, आपल्याकडे पैसा धानाचा. चुकारा वर्षातून एकदा, उन्हाळी धान असलं तर दोनदा येतो. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. चुकारा लांबला की आधी मुलीची फी थांबते, मग गटाची बचत थांबते. म्हणून वाढीव हप्ता कोणत्या पैशातून भरणार, हे सही करण्याआधी घरात बोलून घ्या.

मग मोठं इंजिन घ्यायचंच नाही का? तसं नाही. आपला मुलूख बराचसा सपाट, घाट कमी. तुमसर, मोहाडी, पवनीला दोघं-तिघं जाणार असतील तर लहान इंजिन पुरतं. पण पाच माणसं, भरलेली डिकी, एसी चालू, आणि आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरचा महामार्ग असेल, तर मोठ्या इंजिनाला ओझं जाणवत नाही आणि ट्रकच्या पुढे निघताना जोर मिळतो. बैलजोडी आपण वर्षभराच्या कामाकडे पाहून घेतो, शंकरपटासाठी नाही. गाडीचंही तसंच. वर्षातून एकदा लग्नाला सगळे बसणार म्हणून रोजचा खर्च वाढवू नका.

शोरूमला स्वतः जा. चाचणीसाठी एकटा माणूस पाठवू नका, घरची सगळी बसा. एसी लावा, महामार्गावर घ्या, चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा. एअरबॅग किती आणि मागे तिघांना पट्टे आहेत का, ते मोजा. पैसे उरत असतील तर आधी सुरक्षेवर घाला. टर्बो गाडी घेतली तर ऑइल वेळेवर बदला, त्यात काटकसर नको. सीएनजी घेणार असाल तर वाटेवर पंप आहे का आणि टाकीमुळे डिकीत जागा किती उरते, ते बघा.

पुढच्या बैठकीत हे आकडे फळ्यावर मांडा. आपल्या घराचे किलोमीटर, माणसं आणि हप्ता लिहा. ज्या घरात हप्ता दोघं भरतात, तिथं इंजिनही दोघांनी मिळून निवडावं.